शकुंतला गाडीच्या आठवणींवर एकपात्री कथाकथन : बांधणी कशी करावी आणि प्रयोग कुठे करावेत?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे गाव शकुंतलेच्या, म्हणजे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या नॅरोगेज गाडीच्या मार्गालगत आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी हा मार्ग उभारला आणि 1994 साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे येईपर्यंत त्या इंजिनाच्या शिटीवर आमच्या भागातील माणसे वेळ ओळखत असत, असे जुनी मंडळी सांगतात. आता रुळांवर गवत वाढले आहे आणि ज्यांनी या गाडीत बसून संसाराची ये-जा केली ती पिढीही थकली आहे.

शाळेच्या वेळेनंतर मी अशा माणसांकडे जाऊन त्यांच्या आठवणी लिहून घेत आले आहे. त्यांत कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधणारे मजूर आहेत, भाजीची टोपली घेऊन रोज मूर्तिजापूर गाठणाऱ्या बाया आहेत, फाटकावर आयुष्य काढलेल्या माणसाची पत्नी आहे, आणि लग्न होऊन याच गाडीने सासरी आलेल्या व माहेरच्या वाटेवरचे एकेक स्थानक अजून क्रमाने म्हणून दाखवणाऱ्या आजी आहेत. हे सारे पुस्तकात बंद न करता एकटीने उभे राहून लोकांसमोर सांगावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचला तर दीड तास लागतो. वर्गात आणि महिला मंडळात मी गोष्टी सांगते, पण रंगमंचाचा अनुभव मला नाही.

मला विचारायचे आहे ते असे. सुट्या आठवणींचा एकसंध प्रयोग कसा बांधावा? निवेदन प्रमाण मराठीत ठेवून पात्रे तेवढी वऱ्हाडीत बोलवावीत की सगळेच वऱ्हाडीत सांगावे? आमच्याकडे नाट्यगृह नाही. अमरावतीचे सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह भाड्याने घेण्याइतका पैसा माझ्यापाशी नाही आणि ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसे तेथे येणारही नाहीत. मग असा प्रयोग खेड्यांत कोठे होऊ शकतो, त्यासाठी कोणाशी बोलावे लागते आणि मानधनाची गोष्ट कशी काढावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

आख्यानाचा श्रोता (अचलपूर)

ताई, आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे. मी बरीच वर्षे गणेशोत्सवात आणि ग्रंथालयांतून कथाकथन केले आहे, त्याच्या आधाराने बांधणीपुरते लिहितो. जागांविषयी इतर मंडळी अधिक सांगू शकतील.

पहिली गोष्ट अशी की दीड तासाच्या मजकुरातील प्रत्येक आठवण चांगली असली तरी ती सगळी प्रयोगात येऊ शकत नाही. एकट्या माणसाच्या प्रयोगाला एकच सूत लागते, आणि आपल्याकडे ते तयार आहे. एका दिवसाचा, एका गाडीचा, मूर्तिजापूर ते अचलपूर असा प्रवास धरा. सासरी निघालेली नवी नवरी डब्यात बसली आहे, प्रत्येक स्थानकावर कोणीतरी चढते किंवा उतरते, आणि जो चढतो त्याची गोष्ट पुढच्या स्थानकापर्यंत चालते. यामुळे गोष्टींना क्रम मिळेल, श्रोत्याला आपण कोठवर आलो हे सतत कळत राहील, आणि आपल्यालाही पाठांतराचा भार राहणार नाही, कारण स्थानकांचा क्रम आपल्या भागातील माणसाच्या जिभेवरच असतो. या प्रवासात जी आठवण बसत नाही ती कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवावी. तिचा स्वतंत्र पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम पुढे होऊ शकतो.

नारदीय कीर्तन ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल की पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचे निरूपण होते, मग नामसंकीर्तन होते आणि उत्तररंगात त्याच विचाराचे आख्यान लावले जाते. आपल्या खेड्यांतल्या श्रोत्याचा कान या रचनेवर घडलेला आहे. आपणही सुरुवातीची सात-आठ मिनिटे गाडी, कापूस आणि कंपनी यांची माहिती सांगून मग डब्यात शिरलात, तर श्रोता अडखळणार नाही. मात्र ही माहिती पुढे गोष्टीच्या मधोमध पुन्हा घुसवू नये. नवरी खिडकीतून माहेरचे शेवटचे वावर पाहत असताना रुळांची रुंदी सांगू लागलात तर तो क्षण हातचा जाईल.

मजकूर शब्दशः पाठ करू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक टप्प्याचे पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य तेवढे पक्के करावे, मधले दरवेळी नव्याने सांगावे. पाठ केलेला मजकूर मध्येच तुटला की पुढचा धागा सापडत नाही. घडलेले प्रसंग क्रमाने डोळ्यांसमोर असले तर एखादा शब्द निसटला तरी गोष्ट चालू राहते. आणि खेड्यात गोष्ट तुटण्याचे प्रसंग येतातच: लहान मूल रडते, कोणी उशिरा येऊन सतरंजीवर जागा शोधते, वीज जाते.

पात्रे पाचांपेक्षा अधिक ठेवू नयेत. वेषभूषा बदलण्याच्या भरीस पडू नका. प्रत्येक पात्राला एक नजर आणि हातांचे एक काम द्यावे, तेवढे पुरते. भाजीवाली बाई टोपलीचा भार मानेवर असल्यासारखी बोलेल, फाटकवाला दूरवर रुळाकडे पाहत बोलेल, जिनिंगचा मजूर बोलता बोलता अंगावरचा कापूस झटकत राहील. दोन पात्रांचा संवाद असेल तर एकाचे तोंड किंचित डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे, हे तालमीत इतके पक्के झाले पाहिजे की प्रयोगात त्याचा विचार करावा लागू नये.

आता बोलीचा प्रश्न. निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रे वऱ्हाडीत, ही विभागणी मला मान्य नाही. अशाने सांगणारी व्यक्ती वरच्या पायरीवर आणि पात्रे खालच्या पायरीवर उभी राहतात, आणि ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द आले की ऐकणारा हसायला तयार होऊन बसतो. वऱ्हाडी बोलीला मंचावर विनोदापुरते बोलावण्याची सवय फार दिवसांची आहे. यवतमाळचे शंकर बडे यांनी याच बोलीत कविता लिहिल्या आणि एकपात्री प्रयोगही केले. या बोलीत एकट्याने उभे राहण्याची वाट त्यांनी दाखवून ठेवली आहे. आपल्या आजींनी आपले दुःख ज्या बोलीत सांगितले त्याच बोलीत ते मंचावर यावे. फाटकवाल्याची पत्नी रडते तीही वऱ्हाडीत आणि गाडीचा हिशेब सांगणारी आपणही वऱ्हाडीत, असे झाले म्हणजे श्रोता पहिल्या दहा मिनिटांत हसण्याचा आग्रह सोडून ऐकू लागेल. फक्त अचलपूरकडची बोली आणि यवतमाळकडची बोली यांत फरक आहे, तो आपल्या मनाने मिसळू नये. ज्याची आठवण त्याचीच लकब ठेवावी.

याच पट्ट्यात, शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. या रीतीचा आपल्याला फार उपयोग होईल. ‘या गाडीत बसलेले इथे कोण कोण आहेत?’ असे आपण विचाराल तेव्हा मागच्या रांगेतून उत्तरे येतील, कोणी आपली चूक दुरुस्त करेल, कोणी तिकिटाचा भाव सांगेल. त्यासाठी प्रयोगात दोन ठिकाणी मोकळी जागा राखून ठेवावी आणि आलेले उत्तर पुढच्या वाक्यात घेऊन मगच पुढे जावे.

शेवटचे म्हणजे, पहिली तालीम ज्यांच्या आठवणी आहेत त्यांच्या अंगणात करावी. त्यांची संमती तेथेच मिळेल. घरातले भांडण, सासुरवास, उधारी अशा गोष्टी आठवणींच्या ओघात सांगितल्या जातात, पण चार गावांत त्या आपल्या नावाने फिराव्यात असे कोणाला वाटत नाही. अशा ठिकाणी नाव, गाव आणि नाते बदलून घ्यावे.

---

वाचनालयाचा कार्यकर्ता (कारंजा लाड)

मी ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे, त्यामुळे जागांविषयी लिहितो.

आपल्याला सभागृह शोधायचे नाही, जमलेली माणसे शोधायची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला आणि त्याखाली मान्यता मिळालेली अनुदानित वाचनालये खेड्यापाड्यांत आहेत. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 14 ते 28 जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे कार्यक्रम ती साजरे करतात. दरवेळी तेच व्याख्यान आणि तोच सत्कार करून कार्यकर्तेही थकलेले असतात, त्यामुळे आपल्याच भागाची गोष्ट सांगणारे कोणी येत असेल तर त्यांना हवेच असते. अध्यक्षांपेक्षा सचिवांना भेटावे, कारण कार्यक्रमाची जुळवाजुळव तेच करतात. भेटीस जाताना एका पानाचे पत्र न्यावे. त्यात विषय, कालावधी, किती जागा लागते आणि काय साहित्य लागते एवढेच असावे. सोबत पाच मिनिटांचे मोबाइलवरील चित्रीकरण असावे. ते एखाद्या अंगणातले असले तरी चालते, पण आवाज स्वच्छ ऐकू आला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात होणाऱ्या ग्रंथोत्सवाची आखणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होते, तेथेही हे पत्र द्यावे.

दुसरी चांगली जागा म्हणजे महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे. ती दत्तक गावात, बहुधा हिवाळ्यात होतात, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते, आणि विद्यार्थ्यांबरोबर गावकरीही येऊन बसतात. गाडी पाहिलेले म्हातारे आणि गाडी न पाहिलेली मुले एकाच सतरंजीवर बसलेली असा श्रोतृवर्ग आपल्याला सभागृहात मिळणार नाही. ज्या गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना नेमाने होते तेथे प्रार्थनेनंतरची वेळ मागता येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या या मंडळींना एका माणसाला शांतपणे ऐकण्याची सवय आहे. विदर्भ साहित्य संघ 1923 पासूनचा आहे आणि त्याच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत, त्यांनाही कळवावे, पण माझ्या मते तिकडे दहा-बारा गावांत प्रयोग घट्ट झाल्यावर जावे.

मला विशेष सुचवायचे आहे ते हे की आपण प्रयोगांचा दौरा गाडीच्याच मार्गावर आखावा. मूर्तिजापूरपासून एक फाटा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अचलपूर असा जातो आणि दुसरा कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा जातो. या प्रत्येक ठिकाणी वाचनालय आहे, महाविद्यालय आहे आणि गाडीची आठवण असलेली माणसे आहेत. ‘शकुंतला पुन्हा आपल्या गावात’ असे पत्रात लिहिले तर कार्यक्रम का ठेवायचा हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

बहिरमच्या यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी जाऊ नये. तेथे माणूस चालता असतो आणि आपल्याला बसलेला माणूस हवा आहे. तसेच सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकदम अंगावर आलेली असते तेव्हा बाया दिवसभर वावरात असतात. त्या दिवसांत कार्यक्रम ठेवल्यास ज्यांच्यासाठी आपण येता त्याच झोपी गेलेल्या असतील. रब्बीत शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात पुरुष ओलितासाठी बाहेर असतात, म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी गावातल्या माणसाला वीज कोणत्या वेळेची आहे हे अवश्य विचारावे.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी आयोजकांना घ्यायला सांगावी. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून आठला सुरू करून साडेनऊच्या आत संपेल असे पाहावे. पुढे कधी नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करायचा झाला तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागेल. आणि प्रयोगात कोणाची छापील कविता किंवा गीत घेणार असाल तर लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याचा स्वामित्वहक्क राहतो हे ध्यानात ठेवून लेखी परवानगी घ्यावी.

---

वैनगंगेकडचा (देसाईगंज वडसा, जि. गडचिरोली)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला आहे, म्हणून थोडा वेगळा अनुभव मांडतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) सुरू झाले की नाटकांचा हंगाम लागतो. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसे तिकीट काढून थंडीत बसून राहतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. त्यामुळे खेड्यातला श्रोता तासाभरापेक्षा अधिक बसत नाही, असे कोणी सांगितले तर ते मानू नये. तो कशासाठी आला आहे त्यावर त्याचे बसणे ठरते. जेवण आटोपून खास ऐकण्यासाठी आलेल्या माणसाला दीड तास जड जात नाही. सत्कार आणि चार भाषणे झाल्यावर त्याच माणसाला अर्धा तासही जड होतो. म्हणून आयोजकांकडून एक गोष्ट आधीच कबूल करून घ्यावी की भाषणे आणि सत्कार प्रयोगानंतर होतील. ही अट मानधनापेक्षाही महत्त्वाची आहे असे मी मानतो.

तरीसुद्धा मंडईच्या रात्री नाटकाच्या जोडीला एकपात्री ठेवावे असे मी म्हणणार नाही. जवळच्या मंडपात संगीत वाजत असताना एकट्या माणसाचा आवाज टिकत नाही.

उघड्यावर प्रयोग करताना पाठीमागे भिंत असेल अशी जागा निवडावी, म्हणजे आवाज मागे हरवत नाही आणि मागून माणसांची ये-जा होत नाही. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिराचा ओटा, मोठ्या वाड्याचे अंगण या जागा चांगल्या; गावाचा पार दिसायला सुंदर असला तरी तेथे चारही बाजूंनी माणसे बसतात आणि निम्म्या लोकांना आपली पाठच दिसते. दिवा डोक्यावर टांगू नये, त्याने डोळ्यांवर सावली पडते आणि आपल्या प्रयोगाचे सारे सामर्थ्य चेहऱ्यात आहे. समोरून, थोडा बाजूला, माणसाच्या उंचीच्या वर एक दिवा पुरेसा असतो. पावसाळा संपता संपता दिव्यावर किडे इतके येतात की बोलताना तोंड उघडणे कठीण होते, तेव्हा त्या दिवसांत दिवा अंतरावर ठेवावा. हातात धरायचा माइक घेऊ नये, कारण पात्रांसाठी दोन्ही हात मोकळे हवेत. चार्जिंगवर चालणारा लहान स्पीकर आणि कॉलरला लावायचा माइक स्वतःचा असला तर वीज गेली तरी प्रयोग थांबत नाही.

मानधनाविषयी संकोच ठेवू नका. आमच्याकडे कलावंताला सुपारी देऊन तारीख पक्की करतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. प्रवासखर्च आणि मानधन हे दोन आकडे पत्रातच वेगळे लिहावेत. ज्या गावाला मानधन झेपत नाही त्या गावाकडून प्रवासखर्च आणि जेवणाची सोय घ्यावी, पण पूर्णपणे फुकट जाऊ नये. काहीतरी खर्च केलेले गाव माणसे गोळा करण्यासाठी झटते. आपण शासकीय सेवेत आहात, म्हणून मानधन स्वीकारण्याबाबत आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घेऊन ठेवणे बरे.

---

पूर्णाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. एका प्रवासाचे सूत मला पटले आहे आणि निवेदनही वऱ्हाडीतच करावे असे आता वाटते. एक अडचण मात्र उरते. रात्री साडेनऊला कार्यक्रम संपल्यावर तीस-चाळीस किलोमीटर परत येणे मला एकटीला शक्य होणार नाही, आणि सोबत दरवेळी मिळेलच असे नाही. शिवाय ज्या बायांच्या आठवणी यात आहेत त्यांतील अनेकींना रात्रीच्या कार्यक्रमाला घरून सोडतही नाहीत. यावर कोणी मार्ग सुचवील काय?

---

खंजिरी (तिवसा, जि. अमरावती)

ताई, मी भजन आणि प्रबोधनाचे कार्यक्रम करते, त्यामुळे ही अडचण मला ठाऊक आहे. आपण रात्रीचा कार्यक्रम हीच एक वाट धरू नये. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावोगावी हळदीकुंकू असते. त्या दुपारी बाया स्वतःहून, नटून, वेळ काढून आलेल्या असतात आणि बचत गटांची मोठी हळदीकुंकवे तर समाजमंदिरातच होतात. भाषा संवर्धनाचा पंधरवडाही याच दिवसांत येतो, म्हणजे एकाच गावात दुपारी बायांसाठी आणि सकाळी शाळेत मुलांसाठी असे दोन कार्यक्रम बसवून उजेडात परत येता येईल. दुपारच्या प्रयोगात सासरी निघालेल्या नवरीचा भाग मोठा करावा आणि जिनिंगचा भाग आटोपता घ्यावा. त्या आजी स्थानकांची नावे म्हणतात ना, ती आपण म्हणू लागलात की समोरच्या बाया आपापल्या माहेरच्या वाटेवरील गावे सांगू लागतील. तेवढा वेळ त्यांना द्यावा.

रात्रीचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर मुक्कामाची सोय कोणत्या घरी आहे हे आधी विचारावे आणि त्या घरातील बाईशी स्वतः फोनवर बोलावे. आयोजकांनी ‘सगळी सोय आहे’ असे सांगितले तरी हे बोलणे टाळू नये. त्या बाईशी बोलणे झाले की ती शेजारच्या चौघींना घेऊन कार्यक्रमाला येतेच.

हळदीकुंकवाच्या तारखा बचत गट डिसेंबरमध्येच ठरवू लागतात, म्हणून आपले पत्र नोव्हेंबरअखेर त्यांच्या हाती पडले पाहिजे. आपल्या तालुक्यातील ग्रामसंघांची, म्हणजे बचत गटांच्या गावपातळीवरील संघांची, यादी पंचायत समितीतील उमेदच्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कक्षात मिळेल. पत्र कसे लिहावे याचा माझा मसुदा हवा असल्यास येथे सांगा, मी टाकते.